नाव कागदाच्या मागे

आमच्या गल्लीत त्यांना कलबूतमास्तर म्हणायचे. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर कातडं ताणून बूट शिवतात. मास्तरांच्या दुकानात असे दोन-सव्वादोनशे पाय भिंतीला टांगलेले असायचे. नवं गिऱ्हाईक आत शिरलं की दचकायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही दचकले, पण तोंडावर दिसू दिलं नाही. ती माझी सवयच आहे.

खाली दुकान, वर खोली, मध्ये लाकडी जिना. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. लेक लांबच्या शहरात. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

मग दोन्हीकडून नुसता श्वास. मग "बरं, ठेवते." मी समोर बाकावर बसून हे कितीदा तरी ऐकलंय. फोन ठेवल्यावर मास्तर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायचे, जणू तो अजून काही सांगणार आहे.

साधे बूट ते करत नसत. कोणाचा पाय आखूड, कोणाचा वाकडा, कोणाला बोटंच नाहीत, असे पाय त्यांच्याकडे यायचे. पुढे तेही कमी झाले. दिवसाला एखादं गिऱ्हाईक, कधी तेही नाही. उरलेला वेळ मास्तर रापीला धार लावत बसायचे. कातडं कापायची ती रापी इतकी धारदार की माशी बसली तर दोन माशा होतील. "एवढी धार कशाला?" विचारलं तर म्हणायचे, "हातांना काम पाहिजे. नाहीतर ते मला प्रश्न विचारतात."

माझ्या फेरीवाला संघटनेचं ऑफिस त्यांच्या बरोबर समोर. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि दीड पायाचं एक स्टूल. ते स्टूल मास्तरांनी एकदा न विचारता उचलून नेलं, पाय बसवून परत आणून ठेवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत वळून निघून गेले. ओळख झाली ती अशी.

आणि टिकली ती पत्रांमुळे. वर्षाला तीन-चार पत्रं यायची, फार लांबच्या एका देशातून. परक्या भाषेत, जी ना लिहिणाऱ्याची होती ना घेणाऱ्याची. मास्तरांना तिच्यातले कामापुरते वीसेक शब्द यायचे: टाच, तळ, टाका, सैल, घट्ट. मला जास्त येतात. मला ते कुठल्या शाळेनं शिकवले नाहीत, पालिकेच्या नोटिसांनी शिकवले. ज्या भाषेत आपल्याला हाकलतात ती भाषा माणूस लवकर शिकतो. तर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

पत्रं लिहिणाऱ्याला मास्तर 'जोडीदार' म्हणायचे. एकतीस वर्षांपूर्वी दोघं मिशनच्या एका दवाखान्यात चार महिने असल्या पायांचे बूट करायला शिकायला गेले होते. तिथल्या कार्यशाळेची एक रीत होती. शिकणाऱ्यांना दोघादोघांत बसवायचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं शेजाऱ्याच्या पायाचं माप घ्यायचं आणि त्याचे दोन्ही कलबूत कोरायचे. त्यानंतर दोघांनी मिळून एकेक जोड करायचा: एकानं सगळे डावे, दुसऱ्यानं सगळे उजवे. कुठला कोणी केलाय हे गुरुजींना ओळखता आलं तर दोघांनीही उसवायचं आणि पुन्हा शिवायचं.

"महिनाभर रोज उसवलं," मास्तर सांगायचे. "भाषा एक नाही, भांडायचं तरी कसं? शेवटी गुरुजींनी हात टेकले. म्हणाले, तुम्हा दोघांना मिळून एकच माणूस धरतो, आणि जेवणही एकच देतो."

दोघंही ख्रिस्ती. एका गीताची चाल दोघांनाही ठाऊक होती, शब्द वेगवेगळे. शिवताना दोरा दातात धरावा लागतो, तेव्हा गाता येत नाही. म्हणून एक ओळ मास्तर गुणगुणायचे, तेवढ्यात जोडीदार दोरा ओढायचा. पुढची ओळ तो, तेव्हा दोरा मास्तरांच्या दातात. चार महिने असं चाललं. मग दोघं आपापल्या देशी गेले आणि पुन्हा कधी भेटले नाहीत. जोडीदाराच्या पायांचे कलबूत मास्तरांनी येताना सोबत आणले होते. भिंतीच्या अगदी वरच्या ओळीत ते टांगलेले असायचे.

जोडीदाराच्या देशात लढाई पेटली तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, खरं सांगते. माझ्या माणसांच्या हातगाड्या आठवड्याला उचलल्या जात होत्या; माझी लढाई मला पुरून उरत होती. मास्तरांनाही सुरुवातीला फार वाटलं नसावं. त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी पाळकसाहेब पीडित देशांची यादी वाचायचे, प्रत्येक नावानंतर सगळ्यांनी 'प्रभू, आमची विनंती ऐक' म्हणायचं. हा देश यादीत सातवा. "सातव्यापर्यंत माझी डुलकी लागलेली असायची," मास्तर म्हणाले होते. "झोपेतच म्हणायचो, विनंती ऐक."

मग एक जाड पाकीट आलं. आत पत्र, आणि घडी घातलेले अकरा कागद. एकेका कागदावर एकेका पावलाची बाहेरची रेघ, जाड शाईनं काढलेली. शाई दोन्हीकडे सारखीच उतरलेली. माणसं अकरा आणि पावलंही अकराच.

मी वाचून दाखवलं. जमिनीत पेरलेल्या सुरुंगांनी एकेक पाय नेलेली ही माणसं. जोडीदाराच्या कार्यशाळेचं छप्पर उडालं होतं, कातडं संपलं होतं. 'पूर्वी मी मापांवर आकडे घालायचो,' त्यानं लिहिलं होतं. 'आता माणसं म्हणतात, आकडे पुरे झाले, आमची नावं लिही. म्हणून नावं आहेत. भावा, तू करशील का?'

पत्र तीन पानांचं होतं. दोन पानं वाचून झाली आणि गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला. पालिकेचा ट्रक आला होता. मी तिसऱ्या पानावरून नुसती नजर फिरवली, म्हटलं, "बाकी खुशाली आहे," आणि पळाले.

मास्तर दुसऱ्या दिवशी पहाटेच खाली उतरले. ठेवणीतलं कातडं काढलं. अकरा कलबूत कोरायला तीन आठवडे, शिवायला पाच. मधल्या काळात माझ्या मागे लागले की ही नावं मला म्हणायला शिकव.

"कशाला? बूट काय नाव विचारून पायात शिरणार आहे?"

"प्रार्थनेत घ्यायचीत."

"देवाला पत्ता माहीत नाही वाटतं त्यांचा?"

"देवाला आहे गं. मला नाही." त्यांनी रापी खाली ठेवली. "इतकी वर्षं देशाचं नाव घेत होतो. देशाला पाय असतात का? आता पाय माझ्या मांडीवर आहेत, आणि कोणाचे ते मला म्हणता येत नाही. लाज वाटते."

मग मी शिकवलं. अकरा परकी नावं सत्तरीच्या म्हाताऱ्यानं पाठ केली. ज्याचा बूट मांडीवर, त्याचं नाव ओठांवर. संध्याकाळी समोरून बघितलं की दुकानात एकटा माणूस कोणाशी तरी पुटपुटताना दिसायचा. गल्लीतले हसायचे. "मास्तरांचं डोकं सरकलं, भिंतीवरच्या पायांशी बोलतात." मी दोघा-तिघांना झापलं, पण खरं म्हणजे मलाही तसंच वाटत होतं.

बूट चर्चच्या मदत-समितीच्या पेटीतून गेले. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मास्तर हात पुसून, शर्टाची वरची गुंडी लावून बसले, जणू पाहुणा येणार आहे. मी वाचायला लागले.

'भावा, टाके बघूनच तुझा हात ओळखला. पण बूट दुसऱ्या पायाचे आहेत. आमच्याकडची माणसं नावावर पाय ठेवत नाहीत. नाव वर लिहिलं तर कागदावर उभीच राहीनात, म्हणून मी नाव मागे लिहितो.' यापुढे एक वाक्य होतं: 'मी तिसऱ्या पानावर कळवलं होतं.' ते मी गिळलं आणि पुढच्या ओळीवर उडी मारली.

मास्तर उठले. ड्रॉवरमधून कागद काढले. एक घेतला, उलटा केला, परत सुलटा केला. दवाखान्यात गुरुजींनी शिकवलं होतं की नाव नेहमी वरच्या बाजूला, बोटांजवळ. एकतीस वर्षं ते तसंच करत आले होते. नावाची बाजू वर धरली की डाव्या पायाचा उजवा होतो. अकरा माणसांना त्यांनी नसलेल्या पायाचे बूट पाठवले होते.

"ज्याचा पाय गेला त्याला त्याच पायाचा बूट," ते म्हणाले. "असं तर दुष्मनही चिडवणार नाही."

"अहो, ऐका तरी पुढे." मी घाईघाईनं वाचलं. 'मन लहान करू नकोस. तुझे अकराही बूट आठ दिवसांत वापरात आले. कोणाला चिंध्या भरून, कोणाला कातडं भिजवून ताणून. दुसरा पाय राहिलेली माणसं शोधायला मला रस्तासुद्धा ओलांडावा लागला नाही.'

मला हायसं वाटलं. म्हटलं, "बघा! काही फुकट गेलं नाही."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. बायको गेली तेव्हासुद्धा मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मला वाटलं, चूक झाल्याचं दुःख आहे. पाठीवर हात ठेवून, चूक कोणाचीही होते, असं काहीबाही बोलत राहिले.

"चुकीचं नाही गं," ते शेवटी म्हणाले. "चुकीचे बूटसुद्धा तिथे उरत नाहीत. कसला देश झालाय तो."

आणि पहिले अकरा अजून तसेच होते, अनवाणी.

त्या रविवारी त्यांनी मला चर्चला यायला सांगितलं. माझं आणि देवाचं फारसं बोलणं नाही, पण त्यांना नावं चुकण्याची भीती होती, आणि मला माझी वेगळी. मी मागच्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी यादी वाचली. पाच देश वाचले आणि कागदाची घडी घातली. यादी लांब होते म्हणून त्यांनी कात्री लावली होती.

मास्तर उभे राहिले. "साहेब, एक राहिला."

"मास्तर, तोही प्रभूच्या नजरेत आहेच. बसा."

"आहे ना. म्हणूनच नावं सांगतो." आणि त्यांनी अकरा नावं घेतली, हळूहळू, एकेक टाका घातल्यासारखी. चौथ्याला अडखळले, माझ्याकडे वळले. मी ओठ हलवून सांगितलं. लोक घड्याळं बघत होते, कोणीतरी खोकलं. अकरावं नाव झाल्यावर त्यांनी वाट बघितली. 'विनंती ऐक' कोणी म्हणालं नाही; यादीत नसलेल्याला काय म्हणायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या बाकावरची एक म्हातारी तेवढी म्हणाली, तीही थोड्या वेळानं. मास्तर खाली बसले. त्या भरल्या चर्चमध्ये इतका एकटा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

परतताना मला राहवलं नाही. मोर्च्यात शंभर माणसांपुढे बोलते मी, हे मात्र खाली बघत बोलले. "मास्तर, त्यानं कळवलं होतं. पहिल्याच पत्रात, तिसऱ्या पानावर. मी वाचलं नाही."

ते चालत राहिले. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"तू तिसरं पान धरलंस आणि तुझी नजर दारात होती. मी समोरच बसलो होतो ना."

"मग बोलला का नाहीत? शिव्या घाला ना! माझ्यामुळे आठ आठवड्यांचं काम..."

"तुझ्या माणसांच्या गाड्या उचलत होते. त्याही कोणाच्या तरी पायाखालचीच जमीन. आणि दुसऱ्या दिवशी मला विचारता आलं असतं, पुढे काय लिहिलंय म्हणून. मी विचारलं नाही. चार महिने त्याच्या शेजारी बसलो होतो, वाटलं, त्याचं सगळं मला न सांगताच कळतं. मस्ती झाली माझी. चल, कातडं भिजत टाकून आलोय."

त्यांनी माफ केलं की नाही हे मला आजही माहीत नाही.

दुसरे अकरा बूट झाले तोवर रस्ता बंद झाला होता. मदत-समितीच्या कार्यालयात कारकून मान वर करेना.

"फक्त औषधं जाताहेत. बूट म्हणजे औषध नाही."

"ते एक पाय असलेल्याला विचारा," मी म्हटलं.

"आणि हे काय, एकेकच? फॉर्ममध्ये जोड लिहावे लागतात. काय लिहू, साडेपाच जोड?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टेबलावर हात आपटला, तसा त्याचा शिक्का उडून खाली पडला. "अकरा माणसं लिहा! लिहिता येत नसेल तर पेन इकडे द्या!"

मास्तरांनी वाकून शिक्का उचलला, पुसला, कारकुनासमोर ठेवला. मग एकेक बूट टेबलावर ठेवत गेले आणि प्रत्येकासोबत नाव घेत गेले. या वेळी अडखळले नाहीत. सहाव्या-सातव्याला कारकुनानं मान वर केली. अकराव्यानंतर तो म्हणाला, "बँडेजच्या पेटीत वरच्या बाजूला थोडी जागा असते. मी काही बघितलं नाही." मी आपटलेल्या हाताचा काही उपयोग झाला नव्हता, हे लिहायला जिवावर येतंय.

पेटी गेली, आणि मग काहीच आलं नाही. दोन महिने, चार, सहा. पोस्टमन गल्लीत शिरला की मास्तर दाराशी यायचे आणि हातात काहीतरी काम असल्याचं दाखवायचे. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. पुढेपुढे तोही आमच्या गल्लीतून मान खाली घालून जायला लागला. जोडीदाराचं शहर पडल्याची बातमी आली. रविवारी अकरा नावांना बारावं जोडलं गेलं. मास्तर ते मनातच घ्यायचे. लेकीच्या फोनवर "जेवलात?" ला "जेवलो" हे उत्तर आता खोटं असायचं.

सातव्या महिन्यात पाकीट आलं. पत्ता परक्या अक्षरात. मी धावत गेले. आत पत्र नव्हतं. एकच कागद, त्याच्यावर एका पावलाची रेघ. मी मागे बघितलं, पुढे बघितलं. नाव नव्हतं.

"हे कोणाचं?" मी म्हटलं. "आणि डावा की उजवा, कसं कळायचं?"

मास्तरांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग स्टुलावर चढले. मी ओरडले, "पडाल!" त्यांनी ऐकलं नाही. वरच्या ओळीतून दोन कलबूत काढले, एकतीस वर्षांची धूळ फुंकली. कोणाचेही दोन पाय अगदी सारखे नसतात. जोडीदाराचा उजवा डाव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा लांब होता, हे मास्तरांनी स्वतः कोरलं होतं. उजवा कलबूत कागदावर ठेवला, रेघेच्या बाहेर गेला. कागद उलटा करून ठेवला, तरी गेला. मग डावा ठेवला. एवढ्या वर्षांत पाऊल थोडं पसरलं होतं, पण लांबी दाण्याचाही फरक न पडता बसली.

"म्हणजे त्याचा उजवा..." मी म्हटलं.

"जिवंत आहे," मास्तर म्हणाले. आवाज एकदम सपाट. "नाव लिहायची गरज वाटली नाही त्याला."

डावा कलबूत त्यांनी दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "डावा माझ्याच वाट्याचा. उजवे तो करायचा." उजवा त्यांनी परत वर टांगला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पोचेल का हो?"

"तू ये हात आपटायला. मी शिक्का उचलीन."

मी ऑफिसात परत आले. टेबलावर तीन नोटिसा पडल्या होत्या. एकीतही लक्ष लागेना. समोर मास्तरांनी कातडं ताणलं, आरीनं पहिलं भोक पाडलं, दोरा ओवला. थोड्या वेळानं गुणगुणणं ऐकू आलं. एक ओळ झाली आणि थांबली. मला वाटलं, विसरले. तसं नव्हतं. दोरा दातात नव्हता, हात मोकळा होता, तरी ते थांबले होते, दुसऱ्या कोणाची तरी ओळ पुरी होईपर्यंत थांबावं तसे. मग तिसरी ओळ त्यांनी धरली.